शीड आवरायची वेळ

गेल्या अंकात मी गाठींवर लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती शिडांवर. साताऱ्याच्या परळी खोऱ्यातला माणूस बावीस वर्षं नौदलात काढून, त्यातली सहा शिडाच्या जहाजांवर काढून परत सज्जनगडाच्या पायथ्याशी येऊन बसला, याचंच बऱ्याच जणांना नवल वाटलेलं दिसतं. आमच्या घरालाही ते अजून वाटतं. आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न : शाळेच्या गॅदरिंगसाठी आम्ही आरमाराचा मोठा पडदा रंगवतोय. वादळाच्या देखाव्यात सगळी शिडं टम्म फुगलेली काढली, तर सर म्हणाले चूक आहे, वादळात शिडं उतरवतात. वारा जास्त म्हणजे वेग जास्त ना? मग शिडं का उतरवायची? (नववीतला विद्यार्थी, वाई)

बाळा, सर बरोबर आहेत. पण तुझी शंकाही बिनडोक नाही. मी भरती झालो तेव्हा मलाही हेच वाटायचं.

वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. गणित करूनच बघ. वीस नॉटचा वारा, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर, समोर आडव्या धरलेल्या एक चौरस मीटर कापडावर अंदाजे साडेसहा किलोचा दाब देतो. चाळीस नॉटला तोच दाब सव्वीस किलोच्या घरात जातो. आता दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद शीड धर. आमच्या देवळापुढे लग्नाचा मांडव घालतात, तेवढंच. वीस नॉटला त्यावर साडेसहाशे किलो, चाळीसला अडीच टनांच्या वर. शीड तेच, काठी तीच, दोर तेच.

मांडवावरून आठवलं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गावात लग्न होतं. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेला आभाळ काळं झालं, वळीव येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी मांडववाल्याला म्हटलं, दोन बाजूंची ताडपत्री सोडून टाक, वाऱ्याला वाट दे. तो म्हणाला, "काका, पंगत बसलीय, पाऊस आला तर?" त्याची काळजी पावसाची, माझी वाऱ्याची. दहा मिनिटांत वावझड आली. ताडपत्री फाटली असती तर बरं झालं असतं. ती फाटली नाही, नवी होती, म्हणून तिनं चार खांब मुळासकट उपटले आणि वरणाच्या पातेल्यावर आडवे केले. जहाजाचंही असंच होतं. शीड फाटलं तर शीडच जातं. नाही फाटलं तर डोलकाठी जाते, नाहीतर जहाजच आडवं होतं.

आता वेगाचं. जहाज पाणी फोडत जातं तेव्हा स्वतःच एक लाट तयार करतं आणि त्या लाटेच्या खोलगटात अडकतं. जहाज जितकं लांब तितका वेग जास्त, पण प्रत्येकाला आपापली हद्द असते. पाण्याच्या रेषेवर नऊ मीटर लांबीची जड नाव सव्वासात नॉटच्या पुढे सहसा जात नाही. त्यापुढचा वारा वेगात जात नाही, नाव कलवण्यात जातो. नाव फार कलली की ती वाऱ्याकडे तोंड वळवू बघते. तिला सरळ ठेवायला सुकाणू तिरकं धरून बसावं लागतं, आणि तिरकं सुकाणू म्हणजे पाण्यात घातलेला ब्रेक. म्हणून शीड आवरल्यावर नाव उलट जोरात पळते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. नव्या पोरांना पहिल्यांदा यावर विश्वास बसत नाही.

तुमच्या पडद्याबद्दल : मराठ्यांच्या गलबतावर तिकोनी शीड असे, तिरक्या लांब परभाणाला, म्हणजे शीड टांगायच्या दांड्याला, बांधलेलं. परभाणाचं टोक डोलकाठीच्याही वर जायचं, आणि वारा नसला की चाळीस-पन्नास वल्ही. वारा वाढला की अशा जहाजांवर परभाण खाली घेऊन मोठं शीड काढायचं आणि लहान शीड चढवायचं, ही रीत. तेव्हा वादळात एक लहानसं शीड रंगवा, बाकी काठ्या उघड्या. आणि खरं सांगू का, भर पावसाळ्यातला देखावा असेल तर जहाज समुद्रात रंगवूच नका. आपल्या किनाऱ्यावर जहाजं पावसाळ्यात ओढून वर ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालत. पण रिकाम्या समुद्राच्या पडद्याला टाळ्या पडणार नाहीत, हेही मला समजतं.

प्रश्न : माझी मुलगी नौदलात आहे, शिडाच्या नावेवर सराव करते. परवा गोव्याहून फोनवर म्हणाली, "काल रात्री वारा वाढला, दुसरा रीफ घातला आणि झोपले." ती झोपली, मला झोप नाही. हे रीफ म्हणजे काय? काळजीचं असतं का? (एक आई, सांगली)

ताई, मुलगी लहान असताना तुम्ही तिचा परकर जरा मोठाच शिवला असेल. वर एक दुमड घालून टीप मारायची, पोर वाढली की टीप उसवायची. रीफ म्हणजे तीच दुमड. शिडाची खालची पट्टी गोळा करून बांधून टाकायची, म्हणजे उरलेलं शीड लहान होतं. शिडाला अशा दोन किंवा तीन दुमडींची सोय शिवतानाच केलेली असते. पहिला रीफ म्हणजे एक दुमड, दुसरा म्हणजे दोन.

तुमची मुलगी हे कसं करत असेल ते सांगतो, म्हणजे डोळ्यांपुढे येईल. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. त्या बूमला आवरून धरणारा दोर आधी सैल सोडायचा, म्हणजे शिडातला वारा सांडतो आणि ते फडफडायला लागतं. तो फडफडाट वाईट असतो. पत्र्याच्या छपरावर कुणी काठ्या आपटतंय असं वाटतं, शेजारच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही. मग शीड वर ताणणारा दोर बेतानं सोडत शीड हातभर, दोन हात खाली घ्यायचं. पुढच्या कडेची कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवायची. मागच्या कडेची कडी तिच्या दोरानं बूमपर्यंत खेचून घट्ट करायची, इथे खरी ताकद लागते. मग शीड परत वर ताणायचं, मोकळं लोंबणारं कापड आखूड दोऱ्यांनी बांधायचं आणि बूम आत घ्यायचा. सरावाचे हात असले तर पाच मिनिटांचं काम. दोऱ्या बांधायच्या त्या स्काउटमध्ये शिकवतात त्या रीफ नॉटनं. गाठीचं नावच या कामावरून पडलंय. एक फास मोकळा ठेवायचा, म्हणजे थंडीनं बोटं बधिर झाली तरी एका ओढीत सुटते.

नौदलाची ‘तारिणी’ अशीच एका डोलकाठीची, ५६ फुटांची नाव आहे, गोव्यात बांधलेली. १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यात परत आल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला निघून २९ मे २०२५ ला दोघीच जणी तीच फेरी करून आल्या. दोघीच, म्हणजे एक झोपलेली असताना वारा वाढला की दुमड घालायला डेकवर एकटी. अंधार पडायच्या आत जरा जास्तच शीड आवरून ठेवायची सवय अशा प्रवासात लागते. थोडा वेग जातो, पण रात्री कुणाला उठवावं लागत नाही.

तेव्हा ‘दुसरा रीफ घातला आणि झोपले’ हे वाक्य ऐकून तुम्हीही झोपायला हरकत नव्हती. काळजी कधी करायची? ‘वारा मस्त होता, सगळी शिडं लावून पळवली’ असं ती सांगेल तेव्हा.

ही थट्टा नाही, मी स्वतः असाच फसलोय. एका सराव नावेवर मी पाळीचा प्रमुख होतो. वारा पाठीमागून, ऊन छान, पोरं चहा पीत बसलेली. वारा होता २४ नॉट, पण आम्ही त्याच्याच दिशेनं ७ नॉटनं पळत होतो, म्हणून अंगाला लागत होता फक्त १७. कुणाची टोपीसुद्धा उडत नव्हती. एका पोरानं विचारलं, "चीफ, एक रीफ घालू का?" मी म्हटलं, "कशाला?" तासाभरानं परत फिरायची वेळ आली. नाव वाऱ्याकडे वळवली आणि १७ चे क्षणात २९ झाले, कारण आता आमचा वेग वजा होत नव्हता, मिळवला जात होता. वर सांगितलेल्या हिशोबानं जोर जवळजवळ तिपटीनं वाढला. नाव अशी कलली की खालची कड पाण्यात गेली, चहाची किटली समुद्रात, आणि शीड खाली घेताना घाईत माझं डाव्या हाताचं बोट दोर आणि तो ताणायच्या चरकाच्या, म्हणजे विंचच्या, मध्ये आलं. नख परत आलं, पण वाकडं. शीड मधोमध उभं फाटलं ते वेगळंच. तो पोरगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

प्रश्न : जुन्या मोठ्या जहाजांवर चौकोनी शिडांचे मजले असत. वादळात त्यातलं कोणतं आधी काढत? आणि ते काढायला माणसं खरोखर वर चढत का? (निवृत्त शिक्षक, कराड)

चढत, सर. अजूनही चढतात. नौदलाचं ‘तरंगिणी’ हे गोव्यात बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज ११ नोव्हेंबर १९९७ ला दाखल झालं. त्याच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं आहेत आणि प्रशिक्षणार्थी वर चढून ती बांधतात.

क्रम साधारण असा. सगळ्यात वरची, हलकी शिडं आधी. ती उंच असल्यानं त्यांचा जहाज कलवणारा जोर फार असतो, शिवाय वरच्या काठ्या बारीक. मग त्याखालचा मजला. खालची सगळ्यात मोठी शिडंही पुढे आवरली जातात. मधल्या मजल्याची शिडं शेवटपर्यंत राहतात, कारण ती मजबूत काठीवर असतात आणि लाटेच्या आड जहाज खोल गेलं तरी त्यांना वारा मिळतो. या मधल्या शिडांना पूर्वी रीफच्या तीन-चार रांगा असत. एकेक रांग बांधत शीड लहान करत जायचं.

तुम्ही भूगोल शिकवला असेल तर वाऱ्याचा जोर आकड्यांत सांगणारं ब्यूफोर्ट मान माहीत असेल. आज आपण ते किलोमीटरमध्ये वाचतो, पण फ्रान्सिस ब्यूफोर्टनं ते १८०६ च्या सुमाराला मांडलं तेव्हा त्यात वाऱ्याचा वेग नव्हताच. लढाऊ जहाजाला किती शीड झेपतं, यावर ते मान होतं. सहा म्हणजे मधल्या शिडांना एक रीफ, त्यापुढे दोन, तीन असं करत बारा म्हणजे कोणतंच कापड टिकणार नाही असा वारा. मला हे मोजमाप फार आवडतं. वारा मोजायचं यंत्र नसताना त्यानं वारा खलाशाच्या कामात मोजला.

वर काय होतं ते सांगतो. मी पहिल्यांदा रात्री चढलो तेव्हा पावसाची सर चालू होती. दोरांच्या शिडीनं वर जायचं, तेही वाऱ्याकडच्या बाजूनं, म्हणजे वारा तुम्हाला शिडीवर दाबून धरतो. मग परभाणावर बाजूला सरकायचं. परभाण म्हणजे शीड ज्याला टांगलेलं असतं तो आडवा दांडा. त्याच्याखाली एक दोर लोंबतो, त्यावर पाय. पोट परभाणावर टेकवून पुढे ओणवायचं आणि दोन्ही हातांनी खालचं शीड वर ओढायचं. खालून डेकवरच्या लोकांनी दोर ओढून शिडाचा बराचसा वारा आधीच काढलेला असतो, तरी उरलेलं कापड फुगतं आणि भिजल्यावर पत्र्यासारखं कडक होतं. बोटात धरायला चुणीच मिळत नाही. वारा क्षणभर दम खातो, तेवढ्यात सगळ्यांनी मिळून एक घडी ओढायची, पोटाखाली दाबायची, पुढच्या दमाची वाट बघायची. शेजारच्यानं सोडलं की तुमचीही घडी निसटते, म्हणून शिव्या फार ऐकायला मिळतात. माझ्या डावीकडे एक केरळी पोरगा होता, उजवीकडे बिहारी. आमची भाषा एक नव्हती, पण ओढायचा क्षण बरोबर एक व्हायचा. आणखी एक : कुणी टोकाकडून पायाखालच्या दोरावर चढला की दोर ताणला जातो आणि मधले सगळे इंचभर वर उचलले जातात. चढणाऱ्यानं आधी ओरडायचं असतं. त्या रात्री एकानं ओरडलं नाही. आम्हाला कमरेला पट्टा आणि हूक होता. पूर्वीच्या लोकांना तो नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मधलं मोठं शीड दोन भागांत कापायची युक्ती निघाली, वरचा आणि खालचा असे दोन वेगळे मजले. वारा वाढला की वरचं परभाण खाली उतरवायचं, अर्धं शीड आपोआप कमी. रीफ बांधायचं जीवघेणं काम बरंच वाचलं आणि कमी माणसांत मोठी जहाजं चालायला लागली. मालकांना यातलं दुसरंच जास्त आवडलं असणार.

उशीर झाला तर काय, याची दोन उदाहरणं देतो. ब्रिटिश नौदलाचं ‘युरिडिसी’ २४ मार्च १८७८ ला घरी परतत होतं. इंग्लंडच्या दक्षिणेच्या आईल ऑफ वाइट बेटाजवळ बर्फाच्या वादळाचा झपाटा अचानक आला. शिडं चढवलेली होती, बाजूच्या तोफांच्या खिडक्या हवेसाठी उघड्या होत्या. जहाज कललं, खिडक्यांतून पाणी आत. तीनशेहून जास्त माणसं गेली, वाचले दोन. दुसरं जर्मन ‘पामीर’, चार डोलकाठ्यांचं. २१ सप्टेंबर १९५७ ला अटलांटिक महासागरात, अझोर्स बेटांच्या नैऋत्येला ‘कॅरी’ चक्रीवादळात ते बुडालं. जहाजावर ८६ जण होते, वाचले सहा. त्यात बार्ली भरली होती, बरीचशी सुटीच. शिडं वेळेत आवरली गेली नाहीत, जहाज कललं, बार्ली एका बाजूला सरकली आणि मग ते सरळ झालंच नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ऊस एका अंगाला गेल्यावर काय होतं ते कराडकरांना वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. वारा फार वाढला की आमची पाती स्वतःच्या आसाभोवती फिरून वाऱ्याला कड देतात. हा रीफचाच प्रकार म्हणायचा का? (सातारा)

अगदी तोच, आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा उंचावर बसून बघता. तुमच्याकडे सेकंदाला बारा-चौदा मीटरच्या पुढे पातं हळूहळू वळतं आणि वीज तेवढीच राहते, तो रीफ. पंचवीस मीटरच्या आसपास यंत्र बंद होऊन पाती पूर्ण कडेवर जातात, ती शिडं गुंडाळून ठेवणं. हॉलंडच्या जुन्या पवनचक्क्यांच्या पात्यांवर तर खरोखरचं कापड असे आणि वारा पाहून गिरणीवाला ते कमी-जास्त गुंडाळायचा. फरक इतकाच की तुमची चक्की जमिनीत रोवलेली आहे. ती पाती वळवून गप्प उभी राहू शकते. जहाजाला ती सोय नाही, हे पुढच्या उत्तरात येतंच.

प्रश्न : एवढा त्रास करण्यापेक्षा वादळ आलं की सगळी शिडं उतरवून आत बसलं तर? (फलटण)

कधीकधी तेच करतात. पण शीड नसलेलं जहाज चालत नाही, आणि न चालणाऱ्या जहाजाचं सुकाणू लागत नाही. मग ते लाटांना आडवं होतं आणि लाट बाजूनं आदळते. शिवाय शीड जहाजाला एका अंगाला दाबून धरतं. ते नसलं की जहाज पाळण्यासारखं दोन्हीकडे झुलतं. म्हणून वादळातही हात-रुमालाएवढं का होईना, एक जाड शीड ठेवतात. आधुनिक नावांवर ते बहुतेक भडक केशरी असतं, लांबून दिसावं म्हणून. त्याच्या जोरावर एकतर वाऱ्यापुढे पळायचं, नाहीतर पुढचं लहान शीड मुद्दाम उलट बाजूनं भरायचं, सुकाणू त्याच्या विरुद्ध बांधायचं आणि नावेला जागच्या जागी सरकत ठेवायचं. हे दुसरं जमलं की आतमध्ये एकदम शांत वाटतं, मी त्यात खिचडी शिजवलीय.

तरी हेही खरं की लाटांपुढे शिडांचा हिशोब कधीकधी अपुरा पडतो. अभिलाष टॉमी हे एकट्यानं, कुठेही न थांबता जगाला फेरी मारणारे पहिले भारतीय. २१ सप्टेंबर २०१८ ला ‘गोल्डन ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात त्यांची ‘थुरिया’ वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढच्या वेळी त्याच शर्यतीत ते दुसरे आले.

जाता जाता, तापोळ्याहून दोघा मित्रांनी विचारलंय की कोयनेच्या पाण्यात जुन्या होडीला ताडपत्रीचं शीड लावून बघू का. नका. चपट्या तळाच्या होडीला बाजूच्या वाऱ्यापुढे तग धरायला पाण्याखाली काही नसतं, आणि डोंगरातून येणारा वारा तिथे दिशा न सांगता बदलतो. तरीही करणारच असाल, कारण त्या वयात मीही केलं असतं, तर अंगात लाइफ जॅकेट, आणि शीड आवरून धरणारा दोर खुंटीला बांधायचा नाही. हातात धरायचा. झपाटा आला की फक्त मूठ उघडायची.